आधी पीआर की आधी लग्न? परदेशातल्या जोडीदाराकडे जाण्याची कागदी वाट

आपल्याकडे ‘परमनंट’ हा शब्द नोकरीला चिकटलेला आहे. झेडपीत लागला आणि परमनंट झाला, वाळूजच्या कंपनीत चार वर्षं काँट्रॅक्टवर काढली आणि आता परमनंट झाला, असं आपण म्हणतो. म्हणून टोरंटोचं किंवा न्यू जर्सीचं स्थळ येतं आणि मुलगा तिकडे परमनंट आहे असं मध्यस्थ सांगतो, तेव्हा बैठकीतली मोठी माणसं समाधानाने मान हलवतात. अंबड तालुक्यातल्या माझ्या मावशीचा मला असाच फोन आला होता. “अगं, पोरगा तिकडं परमनंट हाय म्हणतेत. मंग लग्न झालं की पोरगी लगेच जाईल ना?”

मी तिला विचारलं, देश कोणता आणि पीआर, म्हणजे परमनंट रेसिडेन्सी, मिळालाय की मिळायचाय? तिला दोन्ही माहीत नव्हतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. गेल्या काही वर्षांत नात्यातल्या तीन लग्नांचे कागद माझ्या हातून गेले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. लग्नाची तारीख आधी की पीआरची तारीख आधी, यावर त्या जोडप्याची पुढची दोन-तीन वर्षं ठरतात. मुहूर्तासाठी पंचांग उघडतो त्याच बैठकीत ही दुसरी तारीखही विचारून घ्या.

पुढे मुलगी इथली आणि मुलगा तिकडचा असं धरून लिहिलं आहे. उलट असलं तरी नियम तेच.

पहिली पायरी: कागद डोळ्यांनी बघा

पीआर म्हणजे त्या देशात कायम राहण्याची आणि काम करण्याची परवानगी. नागरिकत्व त्याच्या पुढचं. वर्क परमिट, एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा तात्पुरता व्हिसा), शिक्षणानंतरचा कामाचा परवाना, यांतलं काहीही पीआर नव्हे. अमेरिकेत पीआर असलेल्याकडे ग्रीन कार्ड असतं, कॅनडात पीआर कार्ड. ऑस्ट्रेलियात असं वेगळं कार्ड मिळत नाही. तिथे व्हिसा मंजुरीचं पत्र असतं आणि ‘व्हेवो’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर सध्याची स्थिती दिसते.

व्हिडिओ कॉलवर कार्ड दाखवा म्हणायला लाजू नका. सोयरीक जमवताना सातबारा बघतोच की आपण. कार्डावर पीआर कधीपासून आहे तेही असतं, ती तारीख लिहून घ्या.

आणि पीआर असला की बायकोला लवकर नेता येतं, असं प्रत्येक ठिकाणी नाही. अमेरिकेत तर उलटं दिसतं. एच-१बीवर असलेल्या मुलाची बायको एच-४ व्हिसावर काही महिन्यांत जाऊ शकते, आणि ग्रीन कार्ड असलेल्याची बायको वर्षानुवर्षं इथे थांबते. ही गोष्ट साखरपुड्याआधी दोन्ही घरांना माहीत असायला हवी.

दुसरी पायरी: दोन तारखा शेजारी शेजारी लिहा

समजा मुलाचं ग्रीन कार्ड अजून यायचं आहे, तो नोकरीमार्गे रांगेत आहे. त्याला कार्ड मंजूर होण्याच्या आधी लग्न झालं, तर बायको त्याच्याच अर्जाची भागीदार होते, त्याच्याच रांगेतली जुनी तारीख तिला लागू होते. ती तेव्हा अमेरिकेत नसली तरी मागाहून ‘फॉलोइंग टू जॉइन’ या मार्गाने जाऊ शकते. त्यासाठी नवी रांग लागत नाही. तेच लग्न कार्ड मंजूर झाल्यावर आठ दिवसांनी झालं, तर तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. आठ दिवसांच्या फरकाने दोन-तीन वर्षं जातात. म्हणून मुलाचं कार्ड तोंडावर आलं असेल तर आधी रजिस्टर लग्न उरकून मांडवातलं लग्न नंतर करायचं का, याचा विचार दोन्ही घरांनी मोकळेपणाने करावा. तिथल्या वकिलाला मात्र आधी विचारा.

कॅनडाचं गणित वेगळं आहे, आणि तिथला सापळा जास्त वाईट. मुलाने अविवाहित म्हणून पीआरचा अर्ज केला, मंजुरीचं पत्र आलं, मग तो गावी आला, लग्न केलं आणि कॅनडात उतरताना ‘अविवाहित’ हेच चालू ठेवलं. इथे त्याने बायकोचा रस्ताच बंद केला. पीआर होताना ज्या जोडीदाराची माहिती दिली नाही, त्याला पुढे कुटुंब वर्गातून बोलावता येत नाही, असा तिथला नियम आहे. २०१९ पासून एक सवलत आली, पण ती सगळ्यांना लागू नाही आणि तिच्या भरवशावर कोणी लग्न करू नये. पीआरच्या प्रक्रियेत मधेच लग्न झालं तर लगेच कळवायचं, जोडीदाराचं नाव अर्जात घालायचं, आणि ते काम पुरं होईपर्यंत पीआर म्हणून तिथे उतरायचं नाही.

आपल्याकडे रजिस्टर लग्न सहा महिने आधी उरकतात आणि मांडवातलं लग्न होईपर्यंत मुलीला ‘अजून माहेरची’ मानतात. घरात तसं मानायला हरकत नाही. परदेशातल्या फॉर्मवर मात्र रजिस्टर झालं त्या दिवसापासून तुम्ही विवाहित आहात.

आणखी एक. मुलगा स्वतःच ग्रीन कार्डवाल्या आई-वडिलांच्या अर्जावर थांबलेला असेल, तर तो अर्ज अविवाहित मुलासाठीचा असतो. आई-वडील नागरिक होण्याआधी त्याने लग्न केलं तर तो अर्ज आपोआप रद्द होतो. अशा घरातलं स्थळ असेल तर थांबा आणि नीट विचारा.

फोनवरून किंवा ऑनलाइन लावलेल्या निकाहाबद्दलही सांगायला हवं. कॅनडा असं लग्न धरत नाही. दोघेही जागेवर हजर असावे लागतात. अमेरिकाही लग्नानंतर दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय ते मानत नाही. तिकीट परवडत नाही म्हणून फोनवर निकाह लावला तर पुढे तिकिटाच्या कितीतरी पट खर्च होतो.

तिसरी पायरी: देशाप्रमाणे रस्ता

अमेरिका. ग्रीन कार्डवाला नवरा आय-१३० हा अर्ज भरतो. एप्रिल २०२४ पासून त्याची फी ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदावर ६७५ डॉलर झाली. अर्ज ज्या दिवशी तिथल्या इमिग्रेशन खात्यात पोचतो ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला तुमचा नंबर. या रांगेचं नाव एफ२ए. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात एफ२एच्या रकान्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की नंबर लागला. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात ही रांग जवळपास नव्हतीच, त्यामुळे तेव्हा गेलेल्या मुली सांगतात की आमचं तर लगेच झालं. एप्रिल २०२३ पासून पुन्हा रांग लागली आहे. सध्या दोन-तीन वर्षं धरून चाला आणि बुलेटिन स्वतः बघत राहा. भारतीयांना नोकरीच्या ग्रीन कार्डासाठी इतरांपेक्षा फार जास्त थांबावं लागतं. इथे तसं नाही, कारण या रांगेतले तीन चतुर्थांश व्हिसा देशवार मर्यादेच्या बाहेर असतात.

नवरा नागरिक झाला की रांग संपते. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाल्यावर नागरिक होता येतं, आणि अर्ज ९० दिवस आधी करता येतो. “दोन वर्षांनी नागरिक होणारच आहे, मग तेव्हाच अर्ज करू” असं म्हणणारे भेटतात. माझं मत स्पष्ट आहे: लग्नाचा दाखला हातात आला की लगेच अर्ज करा. मधेच तो नागरिक झाला तर तोच अर्ज पुढच्या वर्गात जातो, काही वाया जात नाही. फक्त मूल असेल तर जपा. नागरिकाच्या बायकोच्या अर्जावर मूल आपोआप जात नाही, प्रत्येक लेकरासाठी वेगळा आय-१३० लागतो.

रांगेत असताना टुरिस्ट व्हिसावर जाऊन राहता येईल का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. टुरिस्ट व्हिसासाठी परत येणार आहोत हे पटवावं लागतं, आणि कायम राहण्याचा अर्ज तर आधीच केलेला असतो. बहुतेकदा नकार येतो. अर्ज लपवून व्हिसा मागणं सगळ्यांत वाईट, खोटं सापडलं तर पुढची वाटच अडते. कसंबसं जाऊन मुदत संपल्यावरही तिथेच राहिलं, तर नागरिकाच्या बायकोला मिळणारी माफी ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला मिळत नाही.

नवऱ्याचं उत्पन्नही बघतात. आय-८६४ या हमीपत्रात दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला ते वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होतं. कमी पडलं तर तिथलाच दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहजामीन राहू शकतो.

कॅनडा. इथे नवरा पीआर असला किंवा नागरिक असला तरी बायकोच्या अर्जाची पद्धत जवळपास एकच. फरक एवढा की पीआर असलेल्याने स्वतः कॅनडात राहत असायला हवं. अर्ज टाकून तो सहा महिने बीडला येऊन बसला तर अडचण होऊ शकते. बायकोसाठी साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही, पण तो अपंगत्वाशिवाय इतर कारणाने सरकारी मदतीवर जगत नसावा. तीन वर्षं तिचा खर्च उचलण्याची हमी त्याला द्यावी लागते, आणि मधे नातं मोडलं तरी ती हमी सुटत नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस फी एकूण १,२०५ कॅनेडियन डॉलर झाली, वर बोटांच्या ठशांचे ८५. तो स्वतः बायकोच्या किंवा नवऱ्याच्या अर्जावर पीआर झाला असेल, तर पाच वर्षं त्याला नव्या जोडीदाराला बोलावता येत नाही. दुसरेपणाच्या स्थळांत हे आवर्जून विचारा. क्यूबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत.

अर्ज भारतात राहून करता येतो किंवा तिथे एकत्र राहत असताना. भारतातून केलेल्या अर्जाला नकार आला तर अपिलाचा हक्क असतो, तिथून केलेल्याला नसतो. मी भारतातून करण्याच्या बाजूची आहे. कॅनडाच्या कायद्यात, कायम राहण्याचा अर्ज चालू असतानाही व्हिजिटर व्हिसा मागता येतो, आणि तिथे सोबत राहून अर्ज करणाऱ्या जोडीदाराला ओपन वर्क परमिटचीही सोय आहे. ठशांसाठी आपल्याला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. नांदेड-लातूरवाल्यांना हैदराबाद सोयीचं.

ऑस्ट्रेलियात फी छातीत धडकी भरवते: जुलै २०२५ पासून ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि नकार आला तरी परत नाही. भारतातून करायचा तो ३०९/१०० हा जोडव्हिसा. आधी तात्पुरता, अर्जानंतर दोन वर्षांनी कायमचा. मुलाचा पीआर अजून मंजूर व्हायचा असेल तर निर्णयाआधी बायकोचं नाव त्याच्याच अर्जात घालता येतं. पुन्हा तोच तारखेचा प्रश्न. इंग्लंडमध्ये कायम स्थायिक असलेल्याला बायको आणायची तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. बायकोला इंग्रजीची प्राथमिक परीक्षा आणि भारतातून जाताना क्षयरोगाची तपासणी द्यावी लागते.

फीचे आकडे बदलतात, भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघूनच भरा.

चौथी पायरी: इथले कागद

खरा वेळ इथेच जातो. परदेशातली रांग आपल्या हातात नाही, पण ग्रामपंचायतीतलं रजिस्टर आपल्या हातात आहे.

लग्नाची नोंदणी महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली होते. लग्न ज्या हद्दीत लागलं तिथली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका, इथून विचारपूस सुरू करा. दोघांच्या सह्या, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची किंवा काझींची सही. मुदत ९० दिवसांची. मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला असतो आणि त्यातला एक आठवडा देवदर्शनात जातो. म्हणून फॉर्म, फोटो, साक्षीदारांचे आधार कार्ड लग्नाआधीच तयार ठेवा आणि मांडव उतरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नोंदणी उरका. तुळजापूर-माहूर नंतर.

मावशीच्या मुलीच्या वेळी मी सोबत गेले होते. ग्रामपंचायतीत लांबट रजिस्टर, बाहेर लिंबाखाली साक्षीदार चहा पीत उभे. नोंद लिहून झाली, सह्या झाल्या. दाखला छापायच्या आधी मी म्हटलं, एकदा वाचून बघू द्या. मुलीच्या नावापुढे ‘बाई’ लागलं होतं. लिहिणाऱ्याने आदराने लिहिलं होतं, गावात प्रत्येक बाईमाणसाचं नाव तसंच लिहितात. पासपोर्टवर ‘बाई’ नव्हतं. मुलाच्या वडिलांच्या नावाला ‘राव’ चिकटलं होतं, तेही पासपोर्टवर नव्हतं. आणि इंग्रजी रकान्यात आडनावातलं एक अक्षर गळालं होतं. तिथल्या तिथे पासपोर्ट समोर ठेवून दुरुस्ती करून घेतली, दहा मिनिटं लागली. दाखला छापून मुलगा विमानात बसल्यावर हेच करायचं म्हटलं असतं, तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा सगळ्यांच्या सह्या.

म्हणून नियम एकच: पासपोर्टवर इंग्रजीत जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. ज्ञानेश्वर हे नाव एकाच घरातल्या कागदांवर कुठे ‘डी’ने आणि कुठे ‘जी’ने सुरू झालेलं मी पाहिलं आहे. लग्नानंतर मुलीचं नाव बदलायचं की नाही हेही आत्ताच ठरवा. नाव बदलणं बंधनकारक नाही. बदलायचंच असेल तर आधी राजपत्र, आधार आणि पासपोर्ट असं सगळं बदलून घ्या आणि मगच व्हिसाचे फॉर्म भरा. अर्ध्या कागदांवर माहेरचं आणि अर्ध्यावर सासरचं नाव, यासारखी डोकेदुखी नाही. मला विचाराल तर पहिला व्हिसा हातात येईपर्यंत माहेरचंच नाव राहू द्या.

निकाहनामा उर्दूत असेल तर तो तसाच जपून ठेवा, त्याचं इंग्रजी भाषांतर करा, आणि शिवाय वरच्या कायद्याखाली नोंदणीही करा. दोन्ही असले की कोणी अडवत नाही.

जन्माचा दाखला दुसरं दुखणं. काहींच्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण नोंद बारशाच्या आधी झाली आणि मग कोणी फिरकलंच नाही. नाव भरून नवा दाखला घ्या. काहींचा जन्म घरी झाला, नोंदच नाही. आणि काहींची शाळेतली तारीख १ जून आहे, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी वय बसवण्यासाठी ती टाकली. ग्रामपंचायतीत एक तारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी असेल, तर पासपोर्ट कोणत्या तारखेवर आहे ते बघा आणि जन्माचा दाखला त्याच्याशी जुळतो का ते तपासा. नोंदच नसेल तर दोन वाटा. उशिराची नोंद करायची, एक वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि २०२५ पासून आपल्या राज्यात अशा नोंदींची छाननी कडक झाली आहे. किंवा नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि सोबत शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. अमेरिकेच्या व्हिसासाठी ही दुसरी वाट चालते. तारखा जुळवण्यासाठी खोटा दाखला करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या दारातूनच परत फिरा.

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यामुळे पासपोर्टवर जन्मगाव औरंगाबाद आणि नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, असं सर्रास दिसतं. घाबरण्यासारखं काही नाही. फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणे लिहा आणि नामांतराच्या अधिसूचनेची प्रत सोबत ठेवा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. अमेरिकेला भाषांतरकाराने आपण दोन्ही भाषा जाणतो आणि भाषांतर बरोबर आहे असं लिहून सही केली की पुरतं. कॅनडाला घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. अपोस्टिलचे, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशात चालणारे सरकारी, शिक्के मारून देतो म्हणून हजारो रुपये सांगणारे आहेत. या देशांच्या जोडीदार व्हिसासाठी ते साधारणतः लागत नाहीत, आधी यादीत मागितलंय का बघा. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागवायचा, पण फार आधी नको, त्याची मुदत संपते.

पाचवी पायरी: संसार दाखवणं

अधिकाऱ्याला हे लग्न खरं आहे का, एवढंच बघायचं असतं. आपल्याकडे ठरवून झालेली लग्नं असतात, महिनाभराच्या ओळखीवर होतात, हे त्यांना माहीत आहे. ते लपवू नका. साखरपुडा कधी, बोलणी कोणी केली, पहिल्यांदा कुठे भेटलात, हे सरळ लिहा. अल्बममधले सहाशे फोटो नकोत, पंधरा-वीस पुरे. पण त्यांत दोन्हीकडचे आई-वडील, मामा, हळद, सप्तपदी, नंतरचं सासरचं घर दिसलं पाहिजे, आणि प्रत्येक फोटोखाली तारीख व कोण आहे ते लिहिलेलं असावं. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, त्याची विमान तिकिटं, विम्यात नॉमिनी म्हणून तिचं नाव, दरमहा पाठवलेले पैसे, कॉलची यादी, सगळं एका फोल्डरमध्ये महिन्यागणिक साठवत जा. दोन वर्षांची रांग असेल तर दोन वर्षांचा संसार कागदावर दिसायला हवा. त्याने वर्षातून एकदा तरी यावं. फक्त ग्रीन कार्डवाल्याने एका वेळी सहा महिन्यांच्या आत परतलेलं बरं, नागरिकत्वाचा हिशेब बिघडत नाही.

सहावी पायरी: थांबण्याचे दिवस

या काळाबद्दल कोणी बोलत नाही. मुलगी माहेरी की सासरी, नोकरी सोडायची की नाही, “अजून गेली नाही का?” हा प्रश्न प्रत्येक लग्नात. नोकरी सोडू नका. शिकत असाल तर शिक्षण पुरं करा. पासपोर्ट, दाखले आणि पदव्यांच्या मूळ प्रती मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात, सासरच्या कपाटात नव्हे. फॉर्मवर दिलेला ईमेल आणि पासवर्ड तिला स्वतःला माहीत असावा, एजंटला एकट्याला नाही.

एजंटचं म्हणाल तर कॅनडासाठी फक्त तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक सल्लागार किंवा तिथला वकील, ऑस्ट्रेलियासाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट, अमेरिकेसाठी तिथला वकील. परवाना क्रमांक मागा आणि ऑनलाइन तपासा. आमच्या नात्यातल्या एका अर्जात एजंटने न विचारता मुलीचं शिक्षण वाढवून लिहिलं. सही तिची होती, उत्तर तिलाच द्यावं लागलं.

तिकडे गेल्यावर छळ झाला तर व्हिसा जाईल या भीतीने गप्प बसू नका. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्याच्या छळ झालेल्या बायकोला त्याच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करण्याचा हक्क आहे, ऑस्ट्रेलियातही कौटुंबिक हिंसाचारासाठी तरतूद आहे. कॅनडात २०१७ पासून, पीआर टिकवण्यासाठी नवऱ्यासोबत दोन वर्षं राहण्याची सक्ती उरलेली नाही. इथे राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष २००९ पासून अशा तक्रारी घेतो. मुलीच्या बॅगेत ही माहिती लिहिलेला कागद आईने ठेवावा.

सातवी पायरी: मुंबईची मुलाखत

अमेरिकेच्या रांगेत नंबर लागला की नॅशनल व्हिसा सेंटरकडे माणशी ३२५ डॉलर व्हिसाची आणि १२० डॉलर हमीपत्राची फी भरायची, डीएस-२६० फॉर्म भरायचा, दाखले अपलोड करायचे. मग ठरलेल्या डॉक्टरांकडे तपासणी आणि लसी, आणि मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. मुलाखतीच्या दिवशी सकाळी उतरू, देवगिरीने जाऊ, असं करू नका. आदल्या दिवशी पोचा. गाडी उशिरा आली तर दोन वर्षांची वाट पुन्हा लांबते.

प्रश्न साधे असतात. नवरा काय काम करतो, किती वाजता घरी येतो, घरात कोण कोण आहे, शेवटचं कधी भेटलात. मराठीत उत्तर द्यायची इच्छा असेल तर तसं सांगा. मावसबहिणीला विचारलं, लग्नात किती माणसं होती? ती म्हणाली, बाराशे. अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलं, तेव्हा तिने कार्यालयाची जेवणावळीची पावती पुढे केली. पाठ केलेलं बोलू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

मंजूर झाल्यावर पासपोर्टात व्हिसा येतो. त्यावरची मुदत बघा, ती वैद्यकीय तपासणीच्या तारखेला बांधलेली असते आणि बहुधा सहा महिन्यांच्या आत उतरावं लागतं. निघण्याआधी इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, एप्रिल २०२४ पासून ती २३५ डॉलर आहे. ती भरल्यावरच कार्ड छापलं जातं. सोबत बंद पाकीट दिलं असेल तर ते उघडायचं नाही, तसंच तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायचं. ते पाकीट, पासपोर्ट आणि मूळ दाखले खांद्यावरच्या पिशवीत, पापड-लोणची मोठ्या बॅगेत. उतरताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून पक्कं करून घ्यावं लागतं. ती तारीख विमानातच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, दोघांच्याही.